सासरी न गेलेल्या सात बहिणी

चंदगड तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. घटप्रभा पूर्वेकडे वाहत कृष्णेला मिळते, ताम्रपर्णी तिच्यात येऊन मिसळते, आणि ते पाणी बंगालच्या उपसागराकडे निघतं. तिलारी मात्र घाट उतरून गोव्यात शिरते, तिथे शापोरा नाव घेते आणि अरबी समुद्राला भेटते. इतक्या पाण्याच्या मुलखात पाण्याची देवता नसती तरच नवल. तिला देऊळ मात्र क्वचित असतं. ओढ्याच्या वळणावर, विहिरीच्या काठाला, डोहावरच्या कातळावर शेंदूर फासलेले सात दगड ओळीनं मांडलेले असतात. पुढे हिरव्या बांगड्या, एखादा खण, नारळाची करवंटी. थोडं अंतर राखून आठवा दगड असतो, तो म्हसोबा. या साती आसरा. घाटाखाली त्यांना जळदेवता म्हणतात, पुण्याकडच्या मावळात मावलाया.

जलपरी म्हटलं की आज मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे डेन्मार्कची, माशाच्या शेपटीची गोरी मुलगी येते. तिची आपल्याकडची नातलग हे सात दगड आहेत. कोशांत सात आसरांची नावं दिलेली सापडतात: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर अशी ही यादी आहे. बाईच्या रूपातले पाण्यातले जीव, किंवा पाण्यातल्या जिवांच्या रूपातल्या बाया. गावात ही नावं फारशी कुणी घेत नाही. तिथे सगळ्या मिळून एकच नाव चालतं, आणि तेही अनेकवचनी. एकटी आसरा कल्पनेतही येत नाही.

आसरा या नावात अप्सरा आहे हे उघड आहे. पण इंद्राच्या दरबारात नाचणारी अप्सरा ही या घराण्यातली मागाहून आलेली शाखा. मूळ अप्सरा पाण्यात राहणारी होती. शतपथ ब्राह्मणात उर्वशीला शोधत पुरूरवा कुरुक्षेत्रात भटकतो आणि एका कमळांच्या तळ्यापाशी येतो. तिथे उर्वशी आणि तिच्या सख्या पाणपक्ष्यांच्या रूपात पोहत असतात. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात तर अजशृंगी नावाच्या वनस्पतीनं गंधर्व-अप्सरांना हुसकावून त्यांच्या नदीकडे परत धाडण्याचा मंत्र आहे. म्हणजे ज्या जुन्या ग्रंथांत यांचा पत्ता लागतो, तिथेच यांना हाकलण्याचीही सोय केलेली आहे. माणसाला भुलवणारी, वेड लावणारी आणि म्हणून वस्तीपासून लांब राहावी अशी ही पाण्यातली जात. चंदगडच्या डोंगररांगेत एका किल्ल्याचं नाव गंधर्वगड आहे. पुराणातले गंधर्व गडावर पोचले, अप्सरा खाली डोहात राहिल्या.

आसरांना वेदांतून थेट खाली उतरवणंही बरोबर नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातली देवस्थानं पायी हिंडून पाहिली, आणि 1962 साली आलेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात मावलायांची गाठ मावळ या प्रदेशनामाशी घातली. कार्ल्याच्या लेण्यातल्या सातवाहनकालीन लेखात या भागाचं नाव मामाल असं येतं. कोसंबींच्या मते मावळ हा या आयांचा मुलूख, आणि त्यांची पूजा निदान दोन हजार वर्षांची. हे मानलं तर आसरांच्या कुळात दोन घराणी मिसळली आहेत. एक संस्कृत ग्रंथांतून आलेल्या अप्सरांचं, दुसरं त्याहून जुन्या, नाव नसलेल्या, संख्येनंच ओळखल्या जाणाऱ्या आयांचं. नाव पहिल्या घराण्याचं चिकटलं, स्वभाव दुसऱ्याचा राहिला.

हा स्वभाव धाकाचा आहे. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला एकट्यानं डोहावर जायचं नाही. विटाळाचे कपडे तिथे धुवायचे नाहीत. बाळंतिणीनं सव्वा महिन्यानंतर पाण्याची पूजा केल्याशिवाय पाणी भरायला जायचं नाही. नियम मोडला तर आसरा ‘लागतात’ किंवा ‘धरतात’. बाई झुरते, मूल रडत राहतं, अंगात येतं. मग ओटी भरायची: खण, नारळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभाताचा नैवेद्य. विहीर नवी खणली तरी पहिला मान त्यांचाच. ॲन फेल्डहाऊस यांनी ‘वॉटर अँड वुमनहूड’ या 1995 सालच्या पुस्तकात महाराष्ट्रातल्या नद्यांच्या धर्माचा अभ्यास केला, त्यात आसरांना मोठी जागा आहे. मूल देणं आणि मूल नेणं, दोन्ही त्यांच्या हातात आहे, हे त्यात नीट दिसतं.

धाकाचा उपयोगही होता. निसरड्या कातळाच्या, खोल भोवऱ्याच्या जागी मुलं जात नसत. उन्हाळ्यात सगळी नदी आटली तरी डोहात मासे तगत, कारण तिथे गळ टाकायची कुणाची छाती होत नसे. महाड तालुक्यात वाळणकोंडीला देवीच्या नावानं मासे राखले जातात, तो याच विचाराचा नमुना. देवी वेगळी, न्याय तोच.

पण आसरांच्या घरात एक गोष्ट आहे तिच्याकडे लक्ष जायला हवं. त्या सात बहिणी आहेत. म्हसोबा त्यांचा भाऊ आहे, राखणदार आहे. नवऱ्याचा उल्लेख सहसा कुठेच येत नाही. आपल्याकडे देवीला देव जोडून देण्याची एवढी हौस असताना या साती जणी बिनलग्नाच्या राहिल्या. त्यांची पूजा कोण करतं? बहुतेक बाया, आणि त्यातही सासरी आलेल्या बाया. माहेरचा उंबरा ओलांडताना ज्या ओटीत तांदूळ-नारळ घेऊन निघाल्या, त्याच बाया नव्या गावच्या डोहावर जाऊन तशीच ओटी आसरांची भरतात. ज्यांना कधी घर सोडावं लागलं नाही अशा सात बहिणी गावात आहेत, भाऊ त्यांच्या दाराशी बसलेला आहे, आणि त्यांच्या रागाला गावातला पुरुषही घाबरतो. आसरा म्हणजे सासरी न गेलेली बहीण. प्रत्येक सुनेच्या वाट्याला जे विस्थापन येतं, त्यातून सुटलेली ही एकच बाई. म्हणून तिचा धाक आणि म्हणून तिचं अप्रूप.

आता भांड्यांची गोष्ट. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, शेकडो गावांत ती सांगितली जाते. गावात लग्न निघालं की यजमान आदल्या संध्याकाळी डोहाच्या काठी विडा-सुपारी ठेवून मागणं मागायचा: इतकी ताटं, इतक्या वाट्या, इतकी पातेली. सकाळी भांडी काठावर लागलेली असायची. कार्य उरकलं की घासून-पुसून परत डोहात सोडायची. एकदा कुणीतरी एक वाटी ठेवून घेतली. तेव्हापासून डोहानं देणं बंद केलं.

ही गोष्ट कागदावर कशी आली, त्याची स्वतंत्र कथा आहे. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याला लोककथा-चालीरीतींचा नाद होता. त्यानं प्रश्नावली काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरं गोळा केली. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याचे कागद पुढे आर. ई. एन्थोवेन यानं छापले, 1914 मध्ये गुजरातचा खंड आणि 1915 मध्ये कोकणचा. कोकणच्या खंडात कोल्हापूरकडची उत्तरंही आहेत. मास्तरांनी कळवलेल्या भांडी देणाऱ्या तळ्यांच्या, जळदेवतांच्या हकिकती त्यात ओळीनं येतात. राज्यकर्त्यांना प्रजा ओळखून घ्यायची होती, हे खरं. पण ते मास्तर लिहिते झाले नसते तर यातलं बरंच आज कुठेच सापडलं नसतं, हेही तितकंच खरं.

इंग्लंडात सरे परगण्यातल्या फ्रेन्शम गावच्या चर्चमध्ये एक मोठी कढई आहे. ती परींकडून उसनी आणली होती आणि वेळेत परत केली नाही, म्हणून परींनी उसनं देणं थांबवलं, ही तिथली गोष्ट जॉन ऑब्रीनं सतराव्या शतकात टिपून ठेवली. इतक्या लांबच्या दोन गावांनी एकच तक्रार केली आहे: निसर्गाशी आपला देण्या-घेण्याचा व्यवहार होता, आणि तो आपल्याच माणसानं मोडला. चोर कोण होता हे गोष्ट सांगत नाही. गुन्हा गावाचा धरला जातो. धरणं यायच्या कितीतरी आधी रचलेल्या या गोष्टीत पाण्यावरचा हक्क गमावल्याची बोच आहे.

देवांना घर सोडावं लागणं आपल्याला नवं नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश 1560च्या सुमारास प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. भक्तांनी देव उचलले, नदी ओलांडली, पलीकडच्या राज्यात स्थापना केली. आज मूळ जागेपेक्षा नवी जागाच लोकांना ठाऊक आहे. मूर्तीला हे जमतं. आसरेचा दगड मात्र फक्त खूण असतो. ती स्वतः असते त्या पाण्यात, त्या वळणावर, त्या खोलीत. दगड उचलून नेता येतात, डोह कसा नेणार?

पाण्यात राहणाऱ्यांचं करायचं काय, हा प्रश्न शहरानं एकदा सोडवायचा प्रयत्न केला. मुंबईत हिवतापाची साथ हटेना, तेव्हा डॉ. बेंटली यांनी 1911 मध्ये अहवाल दिला की डास घराघरातल्या विहिरींत वाढतात. महापालिकेनं विहिरी बुजवा किंवा झाका असे हुकूम काढले. लोकांच्या विनंत्या येऊ लागल्या: विहिरीत राहणारे कोपतील, त्यांच्यावर ऊन पडलं पाहिजे, निदान जाळीचं झाकण तरी ठेवू द्या. पालिकेच्या नोकरीत असलेल्या रुस्तुम मसानी यांनी हे सगळं पाहिलं, त्यावर लिहिलं, आणि 1918 मध्ये त्यांचं ‘फोकलोर ऑफ वेल्स’ हे पुस्तक निघालं. पुढे ते मुंबईचे पहिले भारतीय महापालिका आयुक्त झाले. काही विहिरींवर तारेची जाळी आली, म्हणजे डासही अडले आणि विहिरीतल्यांचं ऊनही राहिलं. साथीच्या दिवसांतही प्रशासनाला तेवढी सबुरी होती.

धरणांच्या बाबतीत ती दिसली नाही. मावलायांच्याच मुलखात, मुळशीत, 1921 साली सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच. त्यानंतरच्या शंभर वर्षांत सह्याद्रीच्या खोऱ्याखोऱ्यात पाणी अडलं. चंदगडातही जंगमहट्टी, जांबरे आणि घटप्रभेवरचं फाटकवाडी ही धरणं झाली. तिलारीनगरच्या वरच्या जलाशयातून पाणी घाटाखाली सोडून 60 मेगावॉटचं वीजघर चालतं. त्याच तिलारीवर घाटाखाली, दोडामार्ग तालुक्यात, महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त पाटबंधारे प्रकल्प उभा राहिला, आणि आयनोडे, सरगवे, पाट्ये, शिरंगे, केंद्रे ही गावं पाण्याखाली गेली.

प्रकल्पग्रस्तांसाठी महाराष्ट्रानं 1976 मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला, नंतर 1986 आणि 1999 मध्ये नवे केले. पुनर्वसन वसाहतीत 18 नागरी सुविधा द्यायच्या असतात: रस्ते, शाळा, पिण्याचं पाणी, वीज, स्मशानभूमी वगैरे. त्या वेळेवर मिळतात की नाही हा निराळा आणि मोठा झगडा आहे. पण निदान त्यांची यादी आहे, यादीवर भांडता येतं. पंचनाम्यात घर येतं, गोठा येतो, विहीर येते, काजू-फणसाची झाडं मोजली जातात, देवळाचीही नोंद होते. डोह येत नाही. यायची सोयच नाही, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे नदी-नाल्यांचं पात्र सरकारच्या मालकीचं आहे. जे गावाचं नव्हतंच, ते गेलं म्हणून भरपाई कोण मागणार? सात बहिणींच्या नावावर सातबारा नव्हता.

पाण्यात बुडून पाण्याची देवता नाहीशी होते, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण आसरा असते ती आटणाऱ्या-भरणाऱ्या नदीतल्या एका खोल जागेत. भोवताली उथळ पाणी असतं म्हणून डोह कळतो. पन्नास-साठ फूट पाणी सगळीकडे सारखं चढलं की डोह उरत नाही. घटप्रभेवरच, खाली हुक्केरी तालुक्यात हिडकलच्या धरणात हुन्नूरचं विठ्ठलमंदिर बुडालं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं आणि लोक दर्शनाला जातात, फोटो काढतात. दगडी देवळाला असं दरसाल परत येता येतं. गाळानं भरलेला डोह पाणी उतरलं तरी ओळखू येत नाही.

बुडालेल्या गावाची माणसं नव्या वसाहतीत जातात तेव्हा पहिल्या काही वर्षांत बायांची पंचाईत होते, कारण बाळंतिणीला न्यायचं कुठे? विहीर नसते, नदी लांब असते, असलेलं पाणी मूळ गावकऱ्यांचं असतं आणि तिथे त्यांच्या आसरा असतात. नव्या जागी आपण सगळ्याच सुना. या एका अर्थानं धरण गावातल्या पुरुषांनाही सासरी पाठवतं, आणि ज्या कधी निघाल्या नव्हत्या त्या सात जणींनाही.

हान्स अँडरसनच्या 1837 सालच्या गोष्टीत जलपरीला जमिनीवर यायचं असतं, आणि पायांच्या बदल्यात ती जीभ देते. ही गोष्ट परक्या मुलखात जाणाऱ्या कुणालाही आपली वाटेल. चंदगडची बोली कोकणी, कानडी आणि देशावरची मराठी यांच्या मिश्रणातून झालेली आहे. 1956 पर्यंत तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला तो कोल्हापूर जिल्ह्यात आला. माणसं जागची हलली नाहीत, कचेरी बदलली. मुंबईच्या गिरण्यांत, गोव्यात, बेळगावात कामाला गेलेल्या इथल्या माणसानं बोली घरापुरती ठेवली, आणि त्याच्या मुलांनी तीही ठेवली नाही. जिभेचा सौदा प्रत्येक स्थलांतरात थोडाफार होतो. आसरांच्या गोष्टी त्या बोलीतच सांगितल्या जात होत्या. बोली गेली की गोष्ट प्रमाण मराठीत फक्त ‘अंधश्रद्धा’ या एका शब्दात मावते.

तरीही सगळं हरवतंच असं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची येमोजा ही ओगुन नदीची देवी. गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्या माणसांनी तिला मनात नेलं. ब्राझीलमध्ये पोचल्यावर ती येमांजा झाली, नदीची होती ती समुद्राची झाली, आणि साल्व्हादोर शहरात 2 फेब्रुवारीला हजारो लोक तिला फुलं वाहतात. देवतेनं पाणी बदललं आणि ती जगली. आपल्याकडेही कालव्याच्या कडेला, बोअरवेलच्या ओट्यावर, शेततळ्याच्या बांधावर सात खडे मांडलेले दिसतात. अंगणातल्या नळाला हळदकुंकू लावणाऱ्या बाया आहेत. देव्हाऱ्यातल्या टाकावर सात जणी ओळीनं उभ्या असतात, त्या तर सगळीकडे जातात. पूजा तगते.

तगत नाही ती माहिती. कोणत्या वळणावर किती खोल पाणी होतं, कोणत्या महिन्यापर्यंत टिकायचं, कोणते मासे होते, भांडी कुणाच्या लग्नात शेवटची निघाली म्हणतात, वाटी ठेवून घेतली असा संशय कोणत्या घरावर होता. टाकावरच्या सात जणी सगळ्या गावांच्या सारख्याच असतात. डोहावरच्या प्रत्येक गावाच्या वेगळ्या होत्या. विस्थापनात संस्कृती जाते म्हणतात, त्याचा नेमका अर्थ इतकाच आहे: देव उरतो, त्याचा पत्ता जातो.

पत्ता लिहून ठेवणं मात्र आपल्या हातात आहे. आसरा खऱ्या की खोट्या हा वाद त्यासाठी सोडवायची गरज नाही. बाधेवर दवाखान्यात जावं, डोहाची नोंद मात्र करावी. 2013च्या भूसंपादन कायद्यानुसार अनेक प्रकल्पांआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास व्हायचा असतो, आणि त्यात सार्वजनिक तळी, पाण्याचे स्रोत, प्रार्थनास्थळं यांचा विचार करायचा असतो. तिथे गावानं आपले डोह नावानिशी लिहून द्यावेत. ग्रामपंचायती जैवविविधता नोंदवह्या ठेवतात, त्यातही ही पानं बसतात. जॅक्सनची प्रश्नावली आली तेव्हा शाळामास्तरांनी साहेबासाठी लिहिलं. आज चंदगड, आजरा, दोडामार्गच्या शाळांतल्या शिक्षकांनी मुलांना एवढाच गृहपाठ द्यावा: आजीला विचारून आपल्या गावच्या डोहांची नावं आणि त्यांच्या गोष्टी तिच्याच बोलीत लिहून आणा. या कामाला निधी लागत नाही. आज्या हयात असेपर्यंतच ते होण्यासारखं आहे.